तिरप्या उन्हातली अक्षरं

तळेगावच्या दवाखान्यातल्या शेवटच्या दुपारी ह्यांनी नर्सबाईंना डोक्यावरची ट्यूबलाइट बंद करायला लावली. ‘हिच्यात माणूस मेल्यावानी दिसतो,’ म्हणाले. बाई हसल्या. खिडकीचा पडदा मीच सरकवला... दुसऱ्या दिवशी हे गेले. त्याला आता महिना उलटला.

लोणावळ्यात पर्यटकांचे फोटो काढून ह्यांनी आमचा संसार उभा केला. धबधब्यापुढे नवरा-बायको, घोड्यावर पोरं, आणि थोड्याच वेळात हातात प्रिंट. मोबाइल आले आणि तो धंदा बसला. बरोबरीच्यांनी भज्यांच्या गाड्या टाकल्या, ह्यांनी कॅमेरा पाठीला मारून विजापूर गाठलं. तरुणपणी एका वऱ्हाडाबरोबर गेले असताना तिथल्या इब्राहिम रौजाच्या, म्हणजे आदिलशाही सुलतानाच्या कबरीवरच्या इमारतीच्या, भिंतींवर कोरलेली अक्षरं त्यांनी पाहिली होती. ती डोक्यातून गेलीच नव्हती. टाकव्याचा माझा भाऊ म्हणाला, ‘दाजी, आपल्याकडं किल्ले काय कमी हायती व्हय?’ हे म्हणाले, ‘त्येबी काढतो. पर दगडावर आसं लिवल्यालं मी कुटंच बघितलं न्हाई.’

फ्लॅश त्यांनी तिथे कधी वापरला नाही. समोरून उजेड मारला की कोरीवकाम सपाट होतं, ऊन कडेनं घासून आलं की अक्षर न् अक्षर उठून दिसतं. जेवताना भाकरीवर आडवी बॅटरी धरून ते मला हे दाखवायचे.

मग अर्धांगाच्या झटक्यात उजवा हात गेला. रौजाची दक्षिणेकडची भिंत तेवढी राहिली होती, आणि तिच्यावर तसं ऊन थंडीतच, सकाळी जरा वेळ येतं. पुढची थंडी कुणी पाहिलीय, म्हणून मीच म्हटलं, ‘चला, बटन मी दाबते.’ पहिल्या सकाळी धुकं. दुसऱ्या सकाळी ऊन आलं, पण माझा हात हलला. हे रागावले नाहीत. ‘लय घाई केलीस. उद्या परत यील की ऊन,’ एवढंच बोलले. तिसऱ्या सकाळी भिंतीच्या कडेला उजेडाची रेघ उमटली, सरकत आली, आणि काळसर दगडातून वेली, ओळी, अक्षरं वर आली. ‘थांब... थांब... आता!’

पुण्याच्या प्रदर्शनात तो फोटो दारासमोरच लागला. खाली एकट्या ह्यांचं नाव होतं. हे भर गर्दीत आयोजकांना म्हणाले, ‘हात हिचा हाय. हिचं नाव न्हाई, तर फोटो उतरवा.’ नाव आलं. टाकव्याहून माझं सगळं माहेर गाडी करून ते बघायला आलं होतं.

विजापूरच्या रखवालदार चाचांना हे रोज संध्याकाळी फोन करायचे, फक्त आभाळ विचारायला. परवा कुसगावच्या घरी तिन्हीसांजेला त्यांचाच फोन आला. म्हणाले, ‘भाभी, आज आसमान एकदम साफ था.’

मी विचारलं, ‘और कल कैसा रहेगा?’