पिवळी टोपी

खरं सांगते, सुया हातात घ्यायचा मला वीटच आला होता. शाळेतली खिचडी शिजवायची, वर ते खिचडीचे मोठाले गंज घासायचे. संध्याकाळी बोटं अशी आखडतात की भाकरी थापणंही जिवावर येतं. पण विणकाम सुटलं ते बोटांमुळे नव्हे.

लेकीच्या पहिल्या खेपेला सातव्या महिन्यातच मी पिवळ्या लोकरीची टोपी विणली होती. हौस दांडगी ना! गल्लीभर दाखवत फिरले. मुलगा झाला आणि दोन दिवसांत गेला. टोपी त्याच्या डोक्यावर चढलीच नाही. तेव्हा विहीणबाई चारचौघींत म्हणाल्या, "लेकरू हाती यायच्या आधीच टोपी विणली, मंग काय होईन?" माझ्याही मनाला तेच कुरतडत होतं. त्यानंतर दोन्ही घरांत कोणी त्या पोराचा विषय काढला नाही. तो झालाच नव्हता म्हणा ना.

दुसऱ्या खेपेला सासरच्यांनी लेकीला देऊळघाटला माहेरी पाठवलंच नाही, मलकापूरलाच ठेवून घेतलं. मीही लोकरीकडे ढुंकून पाहिलं नाही.

डिसेंबरात सकाळी सकाळी जावयांचा फोन आला. "मुलगी झाली, आई. पण दिवस भरायच्या आधी झाली, लई बारीक हाय. डॉक्टरीणबाईनं डोकं गरम ठेवा म्हणून सांगतलं. घरातली एकबी टोपी बसत नाही, गळ्यापर्यंत येऊन राह्यली."

आमच्यात बारशापर्यंत बाळाच्या अंगाला कोरं कापड लावत नाहीत. दुसऱ्या धडधाकट लेकराचं उतरलेलंच घालतात. म्हणजे नवी लोकरही चालायची नाही. जुनी लोकर म्हणाल तर घरात एकच. मी पेटीच्या तळाशी लपवलेली पिवळी टोपी काढली, सुया पिशवीत टाकल्या आणि एसटी धरली. घाट उतरेपर्यंत मनात एकच विचार. एक लेकरू या टोपीनं नेलं म्हणतात, आता दुसऱ्याच्याही डोक्यावर हीच घालायला निघालीस का गं बाई?

दवाखान्याच्या बाकावर विहीणबाई जुन्या झबल्यांचं गाठोडं घेऊन बसल्या होत्या. मी शेजारी टेकले आणि टोपी उसवायला घेतली. रंग पाहून त्यांचा चेहराच उतरला.

"हे तेच हाय ना?"

"हाव."

"काऊन उसवता?"

"मोठी हाय. पोरगी लहान हाय."

मनात म्हटलं, बोला बाई, काय बोलायचं ते बोलून घ्या, भांडायचं त्राण माझ्यात उरलं नाही. पण त्यांनी उसवलेल्या लोकरीचं टोक ओढून घेतलं आणि गुंडी करायला लागल्या. लोकर वर्षानुवर्षं टोपीत बसलेली, सरळ होता होईना. त्या बोटांनी ताणून ताणून गुंडाळत होत्या.

सत्तर टाक्यांची टोपी होती, मी पन्नासच घातले. दोनदा टाका सुटला, दोनदा ओळ मागे नेली. डोळ्यांपुढे अंधारी यायची. दुपार कलली तेव्हा कुठे टोपी सुयांवरून उतरली.

आत लेकीच्या छातीवर ती एवढीशी पोर निजली होती. लेकीनं टोपी हातात घेतली आणि रंग ओळखला. घालेचना. नुसती धरून बसली.

"आई," ती म्हणाली, "त्यानं तर एकदाबी घातली नव्हती. कोरीच हाय ना ही?"

मी टोपी परत घ्यायला हात पुढे केला, तेवढ्यात विहीणबाईंनी ती लेकीच्या हातातून काढून घेतली, पोरीच्या डोक्यावर चढवली आणि दोन्ही कान झाकले जाईपर्यंत हळूच खाली ओढली.

"कोरी कायची वं?" त्या म्हणाल्या. "तिच्या मोठ्या भावाची हाय."