मागच्या दाराने न जाणारे दिघे सर

श्री. मुकुंदराव दिघे यांच्या साठीनिमित्त त्यांच्यापेक्षा वयाने मोठ्या कुणीतरी दोन शब्द सांगावेत, असं त्यांच्या कार्यालयातल्या मंडळींना वाटलं. असं माणूस त्यांना माझ्यापलीकडे सापडलेलं दिसत नाही. मला अक्षरओळख नाही. मी सांगते आहे आणि माझी नात मृणाल लिहिते आहे. ती सरांच्याच हाताखाली काम करते. तेव्हा लेखात तिच्याविषयी काही बरं आढळलं, तर ते तिने पदरचं घातलं आहे असं समजावं.

सर प्रथम धायरीला आमच्या घरी आले, तेव्हा त्यांच्या हातात औषधांची पाकिटं होती. मी दारातच म्हणाले, "आम्हाला काही घ्यायचं नाही."

"आजी, मी विकायला नाही आलो. मी मृणालचा साहेब."

"मग बसा. चहा घेऊनच निघाला असाल."

"नाही घेतलेला," असं शांतपणे म्हणून सर बसले. पुण्यात असं उत्तर देणाऱ्याला मी मानते.

गोळ्यांचं पाकीट मोबाइलसमोर धरलं की तो नाव आणि वेळ मोठ्याने सांगेल, असं काही सर घडवत होते, आणि ते माझ्यावर तपासून पाहायचं होतं. माझी रक्तदाबाची गोळी पांढरी, साखरेचीही पांढरी. सून शाळेत शिकवते. ती तासावर असली की मी गोळी हातात धरून बसून राहायची. सरांचा मोबाइल बोलू लागला आणि मला कुणाला हाक मारायची गरज उरली नाही. या वयात ही फार मोठी गोष्ट असते.

त्यांच्या धंद्याची रीत मी माझ्यापुरती समजून घेतली आहे. एक मोठा तयार सांगाडा असतो, तो दुसऱ्यांनी बांधलेला. त्याला आपापले छोटे भाग बाहेरून जोडायचे. त्यांना प्लगइन म्हणतात. सांगाड्यातला काही कोड जोडणाऱ्यांना खुला, काही खाजगी. पूर्वी आम्ही सदाशिव पेठेत असताना आमच्याकडे एक मुलगी भाड्याने राहायची. तिला ओट्यावर चहा करायची मुभा होती, माझ्या फडताळात हात घालायची नव्हती. ती गुपचूप साखर घ्यायची. एकदा मी बरण्या हलवल्या आणि तिने पाहुण्यांना मिठाचा चहा पाजला. बरण्या हलवताना तिला विचारायला मी काही बांधील नव्हते.

माझ्या गोळ्यांचा भाग जोडताना मृणालने तेच केलं. "हा भाग आतला आहे, वापरू नका," असा इशारा पडद्यावर येत होता. तिने इशाराच बंद करून टाकला आणि तो भाग वापरला. (लिही गं, थांबू नकोस.) सांगाड्याची नवी आवृत्ती आली, आतल्या भागाला कुलूप लागलं आणि माझा मोबाइल मुका झाला.

सर रागावले नाहीत. घरी येऊन तिच्या शेजारी बसले. ती म्हणाली, "सर, कुलूप चुकवायची युक्ती आहे. संध्याकाळपर्यंत चालू होईल."

"आणि पुढची आवृत्ती आली की?"

"तेव्हा बघू."

"तेव्हा आजींच्या हातात गोळी असेल."

मृणालने ती युक्ती सोडून दिली. ती कुणाचं ऐकते, हे मला तेव्हाच कळलं.

सरांनी सांगाडा बांधणाऱ्यांना रीतसर विनंती केली, की एवढी एक वाट सगळ्यांसाठी खुली करा. "विचार करू," असं उत्तर आलं. म्हणजे ती मंडळी पुण्याचीच असावीत. मग जेवढं खुलं होतं तेवढ्यावरच, मृणालला हाताशी घेऊन, सरांनी तो भाग नव्याने लिहायला घेतला. काम सावकाशीचं होतं. तोवर सकाळ-संध्याकाळ सर स्वतः व्हिडिओ कॉल करत. मी पाकीट समोर धरायची, ते वाचायचे: "ही रक्तदाबाची. आजी, नाश्ता झाला का?" झाला नसला तर फोन न ठेवता थांबायचे. मग मी पोहे मुद्दाम सावकाश खायची. एवढा मोठा माणूस आपल्यासाठी ताटकळतो, हे सुनेलाही दिसायला हवं होतं.

नवा भाग बसला. त्यानंतर सांगाड्याच्या कितीक आवृत्त्या आल्या, माझा मोबाइल बोलतोच आहे. फक्त तो नाश्त्याचं विचारत नाही.

परवा मृणालकडून कळलं, की सरांनाही डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी सुरू केली आहे आणि ते ती घ्यायला विसरतात. दिघे सर, आपणांस निरोगी, भरपूर आयुष्य लाभो, हा माझा वडीलकीचा आशीर्वाद. पण सगळं आशीर्वादावर सोडण्याइतकी मी भाबडी नाही. उद्यापासून सकाळी माझा फोन येईल. पाकिटावरचं नाव आपण वाचा, नाश्त्याचं मी विचारीन. झाला नसेल, तर मी थांबेन.