माहेरचं नाव

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे देवासच्या बँकेत बायकोचं खातं उघडणं. ओळखीचे कागद तपासणारी पोरगी दर प्रश्नाला चष्मा डोक्यावर सरकवायची. विचारायची हिला, उत्तर द्यायचो मी.

"बाबूजी, खाता माताजी का है ना? अच्छा, इनके मायके का नाम बताओ!"

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं हिचं नवं नाव मीच लिहिलं होतं. जुनं काही आठवेना.

"द्वारका," ही हळूच म्हणाली.

"द्वारकाबाई, इधर देखो," म्हणत पोरीनं फोटो काढला. ही अशी काही हसली, की मला मान वर करवेना.

त्याच रात्री ही झोपेतच गेली.

सकाळी तिरडी उचलण्याआधी मी हाक मारली, "द्वारके!"

थोरल्यानं विचारलं, "बाबा, द्वारका कोण?"