तापाची रेघ

माझ्या थोरल्या साडूइतका हेकट माणूस सोलापुरात दुसरा झाला नाही, आणि झाला असता तर दोघांनी एकमेकांचे जीव घेतले असते. एका दवाखान्यात तो रोग्यांच्या तापाचे कागद भरायचा. खाटेच्या पायथ्याशी पाटी, पाटीवर चौकटींचा कागद, कागदावर रेघ. ताप लाल, नाडी निळी, आणि तापाच्या एका अंशाला एक अंगठा उंची; यात देवानं येऊन सांगितलं तरी बदल नाही. घरीसुद्धा तेच. तेलाच्या बरणीवर, ज्वारीच्या कणगीवर चार-चार बोटांवर खडूच्या रेघा. "तेल संपत आलं," असं बायको म्हणाली की हा खेकसायचा, "कितव्या रेघंवर हाय ते सांग की!" एकदा डाक्टरानं घाईत काळ्या शाईनं ताप मांडला, तर यानं अख्खा कागद नव्यानं काढला. डाक्टर हसला, हा हसला नाही.

माझी बायको मुदतीच्या तापानं तिथं पडली तेव्हा मला अक्षरओळख जेमतेम. पण रेघ वाचायला शाळा लागत नाही. वर गेली की ताप चढला, एवढं मला कळायचं. शेजारच्या दोन खाटा रिकाम्या झाल्या होत्या. त्यातलं कुणी चालत घरी गेलं नव्हतं. मी दारातून आधी रेघ बघायचो, मग बायकोचं तोंड.

साडू दोन दिवस मोहोळला गेला होता. तिसऱ्या सकाळी बघतो तर रेघ निम्म्यानं खाली! मी धावत जाऊन बैलगाडी ठरवली, दारात आणली. बायकोला उचलणार तेवढ्यात साडू आला.

"कुटं निघाला रं?"

"मंद्रूपला, घरी. ताप उतरलाय, बघा की."

त्यानं पाटी पाहिली आणि त्याचं तोंडच उतरलं. "आरं, नवे छापील कागद हायत हे. चौकटी बारक्या, म्हणून रेघ खाली दिसती. ताप हाय तितंच हाय. गाडीत हादरली तर वाटंतच जाईल ती."

"तुमच्या रेघा घाला चुलीत! हितं ठिवली तरी मरंलच की!"

तो खाली बसला आणि जुन्या मापाच्या कागदावर ती रेघ उतरवू लागला. लाल टाक अंगठा-अंगठा वर चढत होता. रेघ परवाच्या उंचीला जाऊन भिडली. मी गाडी परत पाठवली.

अठरा दिवसांनी रेघ खाली आली, खरोखरची, जुन्या मापात. निघताना बायको म्हणाली, "दाजी, माझा कागद मला द्या की."

"न्हाय. गठ्ठ्यातनं एक काढला तर बाकीचे कशाशी ताडून बघायचे?"

ती हसत गाडीत बसली. पुढं बरीच वर्षं जगली. आता साडू नाही, आणि गेल्या पौषात तीही गेली. घरात तिचा एक फोटोसुद्धा नाही. त्या दिवशी तो कागद मी हिसकावून घ्यायला हवा होता.