कपाळावरची ‘टी’

पिंपरीच्या आमच्या कारखान्याच्या दवाखान्यात मी कारकून होतो आणि आमचे एक ड्रायव्हर रुग्णगाडी चालवायचे. लष्करातून आलेला माणूस, बोलणं सगळं डॉक्टरी अक्षरांत. दिवसातून तीनदा घ्यायच्या औषधापुढे डॉक्टर ‘टी.डी.एस.’ लिहीत, हे स्वतःच्या चहालाही तेच म्हणत.

एकदा चिखलीच्या एका शेतकऱ्याला बैलगाडीतून आणलं. पायात कुऱ्हाड बसून रक्ताची धार लागली होती. यांनी त्याच्या मांडीला पट्टा आवळला, पेन्सिल थुंकीनं ओली केली आणि कपाळावर ‘टी’ काढून शेजारी वेळ लिहिली.

त्याची बायको ओरडली, “अवं, कपाळावर काय लिवताय?”

“वहिनी, ‘टी’ म्हणजे टर्निकेट, रक्त थांबवायला पट्टा बांधलाय. फार वेळ राहिला तर पाय जातो. डॉक्टर आधी कपाळच बघतील.”

पुण्यापर्यंत त्यांनी गाडी अशी हाकली, की मी डोळे मिटूनच बसलो. तिथल्या डॉक्टरांनी कपाळ वाचलं आणि त्याला तडक आत नेलं. पाय वाचला.

दोन महिन्यांनी शेतकरी लंगडत, पण स्वतःच्या पायांनी, भेटायला आला. बायको यांना म्हणाली, “सटवाईनं लिवल्यालं कुनाला वाचता येत न्हाई. तुमचं डाक्टरला आलं बगा!”

त्यांना लाजताना मी तेव्हाच पाहिलं.