देवळासमोर न थांबलेला ट्रंपेट

लिंबाजी मुखेडकडच्या एका गावचा. नांदेडच्या बँडपार्टीत ट्रंपेट शिकला. तिथले मास्तर सांगायचे, गाणं सरळसोट वाजवू नको, जरा भटकवून घरी आण. लिंबाजी ते असं भटकवायचा, की वरातीत नाचणारे नाच विसरून ऐकत उभे राहायचे. आसपासच्या गावांत बड्या घरांची लग्नं त्याच्याशिवाय होत नसत.

मग त्याच्या भाच्याचं, आनंदराजचं लग्न ठरलं. बौद्धवाड्यातली वरात पहिल्यांदाच गावच्या मुख्य रस्त्यानं निघाली. मारुतीच्या देवळासमोर गावातले बडे शेतकरी हणमंतराव आडवे आले. त्यांच्या पोरांच्या वराती लिंबाजीनंच इथून वाजवत नेल्या होत्या. आता त्यांचं म्हणणं, वाजवणं बंद करा, नवरदेवाला घोड्यावरून उतरवा, मग पुढं जा. बाकीच्या वाजवणाऱ्यांनी हात आखडले. लिंबाजी डोळे मिटून वाजवतच राहिला, पार वेशीपर्यंत.

दुसऱ्या दिवसापासून लिंबाजीच्या घराला गिरणीत दळून मिळेना, दुकानात मीठ मिळेना. पोलीस आले, चहा पिऊन गेले. दिवाळीच्या तोंडावर दारातली कडब्याची गंजी पेटली, तेव्हा बायको पंचशीला म्हणाली, पोरांसाठी तरी निघा इथून. बिऱ्हाड लातूरला आलं.

तिथं बँडमध्ये काम मिळालं, पण थोड्याच वर्षांत डीजे आला. आता मालक त्याला लाल कोट घालून गाडीपुढं उभा करतो. आवाज भोंग्यांतून येतो. त्यानं ट्रंपेट नुसता ओठांना लावायचा. एकदा न राहवून त्यानं खरंच फुंकला, तर मालक म्हणाला, "काका, फोटोपुरतं धरा."

गेल्या उन्हाळ्यात औशाच्या एका लग्नात हणमंतराव भेटले. थकले होते. आपणहून जवळ आले.

"लिंबाजी, गावाकडं ये की. आता कुणी काही म्हणत न्हाई. देवळासमोर डीजे वाजायलाय."

"अन् आमचं घर?"

हणमंतरावांनी मांडवाकडं पाहिलं. "पडीकच होतं. तिथून आमच्या शेताला रस्ता काढला."

डीजेची गाडी सुरू झाली, तसा लिंबाजी पुढं जाऊन उभा राहिला.

म्हातारपणी गावातच राहायचं, असं पंचशीलानं मनाशी धरलं होतं. त्यानं घरी येऊन सांगितलं, तेव्हा ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्यांच्या बैलांची तरी सोय झाली."

त्यानंतर गावाचं नाव तिनं काढलं नाही.