भिंतीवरचा मार्कंडेय

शाळेच्या भिंतीवर कोणता मार्कंडेय रंगवायचा, यावरून मी मुख्याध्यापकांशी भांडले. परत वेळ आली तर परत भांडेन.

व्हरांड्यात पुराणातल्या नावांची चित्रं काढायची ठरली होती. एक नाव, एक गोष्ट, एक चित्र. एका नावाच्या दोन गोष्टी असल्या, तर जास्त जणांना माहीत असलेली घ्यायची, असा सरांनी नियम केला. सर मोहोळचे. माणूस चांगला, पण एकदा डोक्यात बसलं की बसलं. मार्कंडेय म्हणजे पिंडीला मिठी मारलेला मुलगा आणि मागे फास घेऊन आलेला यम. "दुसरा कुठला असतोय ओ मॅडम?"

माझं डोकंच फिरलं. मी सोलापुरातल्या विणकराच्या घरातली. घरात तेलुगू, बाहेर मराठी. मुलगा तोच, पण आमच्यात तो तिथेच थांबत नाही. मोठा होऊन तो यज्ञ करतो, त्या यज्ञातून त्याला मुलगा होतो आणि तो मुलगा कमळाच्या देठाचा धागा काढून देवांसाठी पहिलं कापड विणतो. म्हणून तो आमचा मूळपुरुष. शाळेतली निम्म्याहून जास्त पोरं आमच्यातलीच, आणि त्यांच्याच भिंतीवर त्यांचा बाप नको?

"मग पोरांनाच विचारू," सर म्हणाले. आणि विचारलं कधी? नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी! पौर्णिमेला आमचा मार्कंडेयाचा रथ निघतो, गाडीवर हातमाग चढवून चालत्या मिरवणुकीत कापड विणतात. दुसऱ्या दिवशी आमच्यातलं एकही पोर शाळेला येत नाही. पाय सुजवून मी तेवढी आले, तर यम बहुमताने निवडून आलेला.

"सर, इतकी वर्षं सोलापुरात काढली आणि रथाच्या दुसऱ्या दिवशी मत घेता?"

सर ओशाळले. "अवो, लक्षातच आलं न्हाय की. सोमवारी परत घेऊ."

सोमवारी मी इस्त्रीची साडी नेसून गेले. आज बघतेच म्हटलं. प्रार्थनेनंतर सरांनी आधी यमाच्या गोष्टीचं नाव घेऊन हात वर करायला लावले. मैदानभर हात! माझ्या वर्गाचेसुद्धा. रथाचा दोर ओढून तळहाताला फोड आलेली माझी विद्यार्थिनी, तिचाही हात वर. मग कापडाच्या गोष्टीचं नाव घेतलं, तेव्हा चार-दोन हात उठले आणि तेही माझ्याकडे बघत बघत.

मी त्या मुलीला बाजूला घेतलं. "अगं, आपली गोष्ट सोडून?"

"टीचर, यमाची टीव्हीवर बघितली की. ती कापडाची कुणी सांगितलीच नाही."

"मग रथ कशाला ओढतेस?"

"सगळेच ओढतात की."

तिचं काय चुकलं? कारखान्यातून दमून आलेला बाप जेवून आडवा होतो, आई विड्या वळत बसते. पण मला रडू आलं, आणि भर मैदानात रडू आलं याचा आणखी राग आला.

सर हळूच म्हणाले, "जाऊ द्या ओ मॅडम. आता पोरांनीच ठरवलं."

त्या 'जाऊ द्या'ने मी पेटले. "नाही जाऊ देणार! जे सगळ्यांना माहीतच आहे, ते सांगायला शाळा कशाला हवी?"

"नियम हाय ना पण."

"व्हरांड्याला असेल. वर्गाची भिंत माझी आहे."

दुपारी बाकावर चढले आणि रंगीत खडूंनी भिंतीवर काढायला लागले. यज्ञ, त्याच्यापुढे दाढीवाला मार्कंडेय, शेजारी मागावर बसलेला मुलगा. चित्रकला माझी भिकार. माग खाटेसारखा झाला. पोरं खुदुखुदु हसत होती. ती मुलगी पुढे आली. "टीचर, हे आजोबा कोण?"

तेवढ्यात सर दारात. "मॅडम, मला नोटीस काढावी लागंल बरं का."

"काढा," मी म्हटलं. "पण आधी आत येऊन बसा. ही गोष्ट तुम्हालाही कुणी सांगितलेली नाही."